बर्फाच्या कारखान्यातली टेप

माझ्या पोटात टेप बसते, एवढे सांगितले तरी माझे वय तुमच्या लक्षात येईल. मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझे दार नीट लागत नाही, म्हणून त्याला रबर बांधलेले असते. भिंगाच्या कडेला एक बारीक ओरखडा आहे. लाल दिवा मात्र अजून लागतो. तो लागला की मी कामाला लागतो आणि तो विझेपर्यंत मला दुसरे काही सुचत नाही.

माझा जन्म कॅमेऱ्यांच्या कारखान्यातल्या एका लांब पट्ट्यावर झाला. आम्ही सगळे भाऊ त्यावरून एकामागून एक सरकत होतो. कोणी आम्हाला भिंग बसवले, कोणी मोटर बसवली. शेवटी पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला डोळ्याला लावले आणि खिडकीकडे पाहिले. मी जगात पहिल्यांदा पाहिले ते त्या खिडकीबाहेरचे. तिथे एक सायकल उभी होती, बाकी काही नाही. सायकलवाला चौकटीच्या बाहेर कुठेतरी असणार. तो कसा असेल, या विचारात मी खोक्यात बंद झालो.

ज्यांनी मला विकत आणले त्यांना सगळे शूटिंगवाले म्हणत. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ आणि मागची म्हणजे संसार. मध्ये एक पडदा होता. पडद्यामागून फोडणीचा धूर आला की ते आधी माझ्या भिंगावर झाकण घालत आणि मग खोकत. लग्ने, वाढदिवस, शाळांची संमेलने, नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांचे निरोप समारंभ, सगळीकडे आम्ही जोडीने गेलो. त्यांचे नियम पक्के होते. कोणाचे डोके कापायचे नाही. ज्याच्यावर कॅमेरा आहे तो मधोमध हवा. आणि प्रत्येकाला एकदा तरी सांगायचे, "जरा इकडे बघा." हे तीन शब्द ते इतक्या वेळा बोलले होते की रस्त्यात भेटलेली माणसेही त्यांना पाहून आपोआप केस सारखे करत.

तेव्हा आमचे फार कौतुक व्हायचे. "शूटिंगवाल्यांचा हात म्हणजे टेबल आहे," असे लोक म्हणत. ते खरेच होते. माझा पट्टा त्यांच्या हातावर आवळला की मी इतका स्थिर बसायचो की मला स्वतःचे वजन जाणवत नसे.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाच्या बशीत कप वाजला, नंतर सदऱ्याचे बटण लागेना, आणि शेवटी ती थरथर माझ्यापर्यंत आली. एक गृहस्थ टेप परत घेऊन आले आणि हसत म्हणाले, "अहो, आमचे पाहुणे सगळे थंडीने कुडकुडताहेत की काय?" शूटिंगवाल्यांनी ती टेप ठेवून घेतली. ते गृहस्थ गेल्यावर त्यांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. पुढे घरोघरी फोन आले, त्यात कॅमेरे आले, आणि मला खाली काढायचे कारणच उरले नाही. मित्रांनो, फळीवर पडून राहण्याचे वर्णन काय करायचे? अंधार असतो आणि टॉवेलचा वास असतो.

शूटिंगवाल्यांची धाकटी मुलगी झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. तिला घरात बारकी म्हणत. बारकीला भुताच्या चित्रपटांचे वेड होते, पण साध्या भुताच्या नव्हे. तिला आवडायचे ते एका विशिष्ट जातीचे. त्यात आधीच सांगून टाकतात की ही एक सापडलेली टेप आहे, आणि ती काढणारा माणूस मात्र सापडलेला नाही. मग ती टेप जशीच्या तशी दाखवतात. संगीत नाही, सजावट नाही. कोणीतरी हातात कॅमेरा घेऊन चालतो आहे, एवढेच.

एक दिवस ती असा चित्रपट बघत असताना आई शेजारी भाजी निवडत बसली होती.

"ह्यात भूत कुठाय?" आईने विचारले.

"दिसत नाही. तेच तर."

"मग तू उशी का धरून बसलीयेस?"

"आई, बघ ना. एरवी चित्रपटात भूत येतं तेव्हा आपल्याला माहीत असतं, की समोर दिवे लावलेत, पंचवीस माणसं उभी आहेत, कोणीतरी चहा पितंय. इथे तसं वाटत नाही. आपल्या मामाने काढल्यासारखं वाटतं. आणि तो जिकडे बघेल तेवढंच आपल्याला दिसतं. मागे काय आहे ते त्यालाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही."

"मामाने काढलं असतं तर अर्धा वेळ त्याचा अंगठा दिसला असता," आई म्हणाली. पण भाजी तशीच ठेवून तीही बघत बसली.

मी फळीवरून ऐकत होतो आणि मला बारकीचे म्हणणे पटले. मी स्वतः अशाच टेपा काढल्या आहेत. घरगुती टेप बघताना माणूस विश्वास ठेवूनच बसतो. कोपऱ्यातली तारीख, मध्येच कोणाची पाठ, मागे कुकरची शिट्टी, हे सगळे त्याच्या ओळखीचे असते. अशा ओळखीच्या चित्रात अनोळखी काही आले, तर ते त्याच्याच घरात शिरल्यासारखे वाटते.

बारकीला असा चित्रपट स्वतः करायचा होता आणि तो वाचनालयाच्या सभागृहात लोकांना दाखवायचा होता. फोनवरचे चित्र तिला फार गुळगुळीत वाटे. तिने मला खाली काढले, पुसले, माझ्या दाराला रबर बांधले आणि मला वडिलांसमोर टेबलावर ठेवले.

"बाबा, हा तुम्ही धरायचा."

शूटिंगवाल्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "माझा हात गेलाय. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

"म्हणजे बापाचा हात कसा हलतो ते गावाला दाखवणार. चांगलं आहे."

"थट्टा नाही करत मी. टेप काढणारा माणूस खरा वाटायला हवा. मी धरला तर मी नाटक करणार. तुम्हाला नाटक येत नाही."

"नाही म्हणजे नाही."

आई आतून म्हणाली, "अहो, जा की. दिवसभर भिंतीकडे बघत बसता. ती भिंतसुद्धा कंटाळली असेल."

ते गेले ते बहुधा आईच्या या बोलण्यामुळे. पण मनात त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवली होती. हलणारे चित्र आपल्या नावावर पुन्हा लोकांसमोर जाऊ द्यायचे नाही.

शूटिंग बर्फाच्या कारखान्यात होते. तो कधीच बंद पडला होता आणि लवकरच पाडणार होते. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचे यजमान पूर्वी तिथे कामाला होते, त्यामुळे परवानगी मिळाली, आणि त्या ओळखीच्या बदल्यात भुताचे काम मावशींनी मागून घेतले. आत एक लांबच लांब दालन होते. जमिनीत मोठी टाकी, आणि टाकीवर लाकडी झाकणे एकाला एक लावून बसवलेली. त्या झाकणांवरूनच चालायचे. पूर्वी एकेक झाकण उचलून खालून बर्फाच्या लाद्या वर ओढून काढत. आता टाकी कोरडी होती आणि पावलागणिक पोकळ आवाज यायचा. भर दुपारी खिडक्यांना पोती लावली की आत पुरेसा अंधार व्हायचा.

बारकीने गोष्ट साधी ठेवली होती. कारखान्याच्या शेवटच्या दिवसाचे शूटिंग करायला एक माणूस येतो. सगळे निघून जातात. तो रिकामे दालन टेपवर घेत असताना टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली एक बाई त्याला दिसते. नंतर कापणे-जोडणे काही नाही. जे घडेल ते ओळीने एकाच टेपवर घ्यायचे. चांगली टेप घरात एकच उरली होती, म्हणून सराव जुन्या खराब टेपवर करायचा होता.

पहिल्या सरावाला शूटिंगवाले घरचे चाकांचे स्टूल घेऊन आले. बारकी मावशींना उभे करायला गेली तेवढ्यात त्यांनी मला स्टुलावर पट्टीने बांधले आणि ढकलत निघाले. झाकणांवर त्यांनी रबरी चटया अंथरल्या होत्या. मी इतका अलगद सरकत गेलो की मला पाळण्यात असल्यासारखे वाटले. मावशी दिसल्याबरोबर त्यांनी सवयीने त्यांना मधोमध घेतले आणि सवयीनेच म्हणाले, "जरा इकडे बघा."

भूत वळले, केस सारखे केले आणि गोड हसले.

संध्याकाळी घरी टीव्हीला वायर जोडून सगळ्यांनी ते पाहिले. आईने ते शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाली, "हे भुताने काढलंय वाटतं. किती शांतपणे तरंगतंय. समोरची बाई बिचारी माणसात आहे."

मावशी म्हणाल्या, "पण मी छान आलेय हां."

बारकी हसली नाही. "बाबा, स्टूल का आणलंत?"

"चित्र स्वच्छ यायला नको?"

"नको. त्यात तुम्ही नाही आहात. कोणीच नाही त्यात."

दुसऱ्या वेळी त्यांनी मला हातात घेतले. किती वर्षांनी तो पट्टा त्यांच्या बोटांवर आवळला गेला. मला सारे आठवले, पण हात तो नव्हता. चित्र पहिल्या क्षणापासून थरथरू लागले आणि शेवटपर्यंत तसेच थरथरत राहिले. दार, भिंत, भूत, सगळे सारखेच.

आईने तेही पाहिले. "हा माणूस गेटापासूनच घाबरलाय. मग भूत दिसल्यावर काय करणार?" आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बारके, मला एक सांग. बाई दिसल्यावर हा पळत का नाही? कॅमेरा टाकायचा आणि सुटायचं. मी तर तेच केलं असतं."

मित्रांनो, अशा प्रत्येक चित्रपटाला लोक हा प्रश्न विचारतात. बारकीने टीव्ही बंद केला. ती टीव्हीसमोर गुडघ्यात हनुवटी घालून बसली. कारखाना पाडायला माणसे येणार असल्याचा निरोप आला होता आणि तिच्या हातात अजून काहीच नव्हते.

तेव्हा शूटिंगवाले बोलले, ते कपाकडे बघत. "नाही पळत माणूस."

"म्हणजे?"

"एका समारंभात स्टेजची कमान कोसळली होती. सगळे पळाले. मी काढत राहिलो."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," आई म्हणाली.

"काय सांगायचं? डोळ्याला कॅमेरा होता. तो होता तोवर ते सगळं चित्रात होतं. खाली घेतला असता तर अंगावर आलं असतं. मला वाटलं, हे चालू आहे तोवर मला काही होत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि हात खांबासारखा झाला होता. एरवी चालताना हलायचा तेवढासुद्धा हलला नाही. फार घाबरलो की माझा हात हलत नाही."

बारकीने मान वर केली. "अजूनही?"

"आता घाबरायला बाहेर जातो कुठे मी?"

"घरात मी आहे की," आई म्हणाली.

बारकी उठून उभी राहिली होती. "बाबा, त्याचा हात पहिल्यापासून थरथरू दे. तुमचा आहे तसाच. लोक थोडा वेळ बघतील, मग त्यांना सवय होईल, ते विसरून जातील. आणि बाई दिसली की हात थांबेल."

मला फळीवरून खाली काढल्यापासून शूटिंगवाल्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले.

तो हात हुकमी थांबवायचा कसा, हाच आता प्रश्न होता. ते रोज सकाळी मला घेऊन भिंतीला पाठ टेकून उभे राहत. दोन्ही कोपरे बरगड्यांना दाबायचे, मला छातीशी धरायचे आणि श्वास रोखायचा. श्वास रोखला असेपर्यंत मी स्थिर राहत असे. सोडला की पुन्हा थरथर. कपाळावर घाम यायचा, ओठ निळसर व्हायचे, पण त्यांनी एकही सकाळ चुकवली नाही. आई पंख्याचा वेग वाढवून ठेवी. मीही मनाशी ठरवले होते. माझी मोटर अधूनमधून टेप खायची, म्हणजे आत गुंतवून चुरगाळायची, हे मला माहीत होते. ही टेप मी खाणार नव्हतो. माझ्या चाकाचा एखादा दात तुटला तरी चालेल, पण ही नाही.

शूटिंगच्या दुपारी कारखान्याच्या मागच्या बाजूला घणाचे घाव पडायला लागले होते. पाडकाम करणाऱ्यांच्या मुकादमाने सांगितले, "ताई, चहा होईपर्यंत तुमचं. मग छप्पर उतरवायला घेणार." पुन्हा करून बघायला वेळ नव्हता आणि दुसरी टेपही नव्हती. बारकीने चांगल्या टेपचे वेष्टन फाडले, ती माझ्यात बसवली, रबर लावले आणि पोत्यामागे जाऊन लपली.

लाल दिवा लागला. आम्ही गेटातून आत शिरलो. हात थरथरत होता आणि या वेळी शूटिंगवाल्यांनी त्याला थरथरू दिले. रिकामे टेबल, खुंटीवर राहिलेला एकच कोट, बंद पडलेले घड्याळ, सगळे त्यांनी टिपले. मग दालन आले. मावशी टोकाला भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. खांबापाशी जाऊन पाठ टेकायची आणि श्वास रोखायचा, असे ठरले होते.

खांबाच्या अलीकडचे झाकण कुजलेले होते, हे कोणालाच माहीत नव्हते.

ते मोडले. शूटिंगवाल्यांचा एक पाय मांडीपर्यंत खाली गेला. मी वरून एकदम जमिनीलगत आलो. आता ते मला सोडणार, असे मला वाटले. डावा हात आधारासाठी लाकूड शोधत होता. पण उजव्या हाताची बोटे माझ्याभोवती इतकी घट्ट झाली की माझ्या अंगाची जोडणी करकरली. आणि तो हात थांबला. मित्रांनो, मी त्या हातात उमेदीची सगळी वर्षे काढली होती, पण इतका स्थिर मी तेव्हाही नव्हतो. खालून, झाकणांच्या पातळीवरून, मी दालनाच्या टोकाकडे बघत राहिलो.

मावशींनी आवाज ऐकला होता. त्या वळल्या. त्यांनी केसांना हात लावला नाही. त्यांचे तोंड उघडे होते. शूटिंगवालेही या वेळी 'जरा इकडे बघा' म्हणाले नाहीत. मग त्या आमच्याकडे धावत सुटल्या. झाकणांची धडधड जवळ येत होती, त्यांचा भुताचा पांढरा झगा चौकटीत मोठा मोठा होत गेला, आणि शेवटी त्यांचा पुढे आलेला हात माझ्या भिंगावर पडला.

"बंद कर गं," शूटिंगवाल्यांनी पोत्यामागून धावत आलेल्या बारकीला सांगितले. तोवर त्यांनी मला चालू ठेवले होते.

त्यांचा पाय खरचटला होता, एवढेच. मुकादमाच्या माणसांनी त्यांना उचलून बाहेर काढले. बारकी त्यांचा पाय धुताना रडत होती आणि ते तिला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "टेप फिरत होती ना?" टेप फिरत होती. मी ती खाल्ली नव्हती.

वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या भरल्या. मला वायरने प्रोजेक्टरला जोडले होते, म्हणजे ती टेप मीच दाखवत होतो. बारकीने आधीच सांगून टाकले होते की टेप सापडली आहे, ती काढणारा माणूस नाही. सुरुवातीला कुजबुज झाली. "चित्र केवढं हलतंय," कोणीतरी म्हणाले. मागच्या रांगेत बसलेल्या शूटिंगवाल्यांनी मान खाली घातली. पण लोक बघत राहिले, आणि हळूहळू ती थरथर त्यांच्या डोळ्यांना दिसेनाशी झाली. मग झाकण मोडले, चित्र खाली आले आणि थांबले.

अख्ख्या सभागृहात कोणी खुर्ची सरकवली नाही. इतका वेळ हलणारे चित्र आता मेल्यासारखे स्थिर होते आणि त्यात दूरवर एक बाई वळत होती. पुढच्या रांगेतल्या एक आजी अगदी हळू, विनवल्यासारख्या म्हणाल्या, "हलव ना रे बाबा. हलव."

शूटिंगवाल्यांनी मान वर केली, ती शेवटपर्यंत खाली घातली नाही.

दिवे लागल्यावर एका लहान मुलीने बारकीला विचारले, "ते शूटिंगवाले काका सापडले का?"

बारकीने मागे पाहिले. वडील चहाचा कप घेऊन उभे होते आणि कप बशीत खुशाल वाजत होता.

"शोधताहेत अजून," तेच म्हणाले.

आता मी पुन्हा पुढच्या खोलीत आहे, टॉवेलशिवाय. दार आणखी ढिले झाले आहे. पण बारकीला दुसरी गोष्ट सुचली आहे आणि शूटिंगवाले रोज सकाळी मला पुसतात. त्यांचा हात थांबलेला नाही आणि आता आम्ही दोघेही तो थांबण्याची वाट बघत नाही. मोटर आहे तोवर मी चालणार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर, पेटीत, एखाद्या पिशवीच्या तळाशी जुनी टेप पडलेली असेल. तिच्यावरचा, चित्र धरून ठेवणारा लेप दर वर्षी थोडा गळतो आहे, म्हणून उद्यावर ढकलू नका. चालणारे यंत्र शोधा आणि ती लावा. चित्र हलेल, डोकी कापलेली असतील, मध्येच अंगठा येईल. त्यावर हसा, पण ती बंद करू नका. ज्याने ती काढली तो तुम्हाला त्यात कुठेही दिसणार नाही. तो चौकटीच्या अलीकडे उभा होता, तुमच्याकडे बघत होता, आणि हात दुखला तरी त्याने कॅमेरा खाली ठेवला नव्हता.